पद्मजाच्या दंडातली काडी

चंपाआत्तीचा तेलाचा अंगठा पद्मजाच्या डाव्या दंडावरून वर सरकला, थांबला, मागं आला आणि पुन्हा त्याच जागेवर थांबला.

मांडवात बायका गात होत्या. नवरदेवाची उष्टी हळद मिरजेहून निघाली होती आणि ती पोचायच्या आत नवरीला तेल लावून घ्यावं म्हणून पद्मजाला पाटावर बसवलं होतं. पद्मजाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं तेलाच्या वाटीवर हक्क आत्तीचा. आई असती तरी आत्तीनं तो सहजासहजी सोडला नसता.

"काय गं हे?" आत्ती कुजबुजली.

चंपाआत्तीचं कुजबुजणं इचलकरंजीच्या त्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. माग चालू असतानाही ते पलीकडच्या शेडपर्यंत ऐकू जाई. आज लग्नघराचा मान म्हणून शेजारचे माग बंद होते.

"काय?"

"हे. हाताला लागतंय ते. काडी न्हवं का ही?"

पद्मजानं एकदा मांडवाकडं पाहिलं. "काडीच आहे, आत्ती."

गाणं ओळीच्या मध्यावर बंद पडलं. २०४१ सालच्या हळदीत नवरीच्या तोंडून याहून वाईट वाक्य निघणं अवघड होतं. "माझं आधी एक लग्न झालंय" असं ती म्हणाली असती, तर निदान कुणीतरी "कधी?" असं विचारलं असतं. आता कुणी काहीच विचारलं नाही, कारण सगळ्यांना सगळं कळलं होतं. निदान सगळ्यांची तशी खात्री होती.

काडीची हकीकत इथंच सांगून टाकायला हवी.

एचआयव्हीचा विषाणू मुळात आळशी. स्वतःच्या बळावर त्याला वंश वाढवता येत नाही. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशीत शिरतो, अंगावरचं कवच उघडतो, आतला मजकूर पेशीच्या यंत्रावर चढवतो आणि तिच्याकडूनच आपल्या हजारो नकला काढून घेतो. ज्या पेशीनं शरीराची राखण करायची, ती त्याच्या कारखान्यात पाळी भरत बसते. पूर्वी औषधं होती, पण ती बहुतेक लागण झाल्यावर घ्यायची. मग लागण होण्याआधीच घ्यायची गोळी आली. रोज एक घ्यायची, आणि रोज घ्यायची गोष्ट माणूस विसरतोच. त्यानंतर काही महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं आली आणि सगळ्यात शेवटी ही काडी. आगपेटीतल्या काडीच्या निम्मी, लवचिक, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली सरकवायची. तिच्यातून वर्षभर औषध झिरपत राहतं. ते औषध विषाणूच्या कवचालाच धरून बसतं. कवच हवं तेव्हा उघडत नाही, नवं धड जुळत नाही. पाहुणा दारात येतो, पण अंगातला कोटच निघत नाही म्हणून त्याला आत बसता येत नाही. वर्ष संपत आलं की काडी आपोआप विरघळते. रक्त तपासून घ्यायचं, नवी बसवायची.

काडीनं काम चोख केलं. नव्या लागणी इतक्या कमी झाल्या की काही दवाखान्यांतल्या त्या विभागांत कॅरम दिसू लागले. लोक रोगाला घाबरायचे थांबले. पण इतक्या वर्षांची जपलेली भीती एकदम टाकून कशी द्यायची? म्हणून लोकांनी ती रोगावरून उचलली आणि औषधावर ठेवली. तर्क सरळ होता. ज्यानं छत्री घेतली, तो भिजायलाच निघालाय. ज्याच्या दंडात काडी, त्याचं काहीतरी आहे. मुलगी असेल तर नक्कीच आहे.

मग एक नवी रीत पडली. कुणी सुरू केली ते कळायला मार्ग नाही. अशा रीती सुरू करणारे पुढं येऊन श्रेय मागत नाहीत. पूर्वी वडीलधारी माणसं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. आता आशीर्वाद डोक्यावरून दंडावर उतरला. मुलगी पाहायला आलेल्या बायका "ये गं बाई जवळ" म्हणत, दोन्ही दंड प्रेमानं धरत आणि प्रेमानं दाबत. प्रेम डाव्या दंडावर जरा जास्त वेळ रेंगाळे. लग्नसराईत काड्या गुपचूप काढून देणाऱ्यांचीही चलती होती, आणि त्यातले काही जण डॉक्टर होते.

पद्मजाचेही दंड पाहण्याच्या दिवशी रीतसर दाबून झाले होते. तेव्हा त्यांत काही नव्हतं. काडी बसली ती साखरपुडा झाल्यावर.

पाटावरून उठवून पद्मजाला सुताची पोती ठेवायच्या खोलीत नेलं. खोलीत तिघं आली: आत्ती, आत्तीचे यजमान बापूसाहेब आणि पद्मजाचे वडील आण्णा. आत्तीच्या नवऱ्याला तिकडं मामा म्हणतात. बापूसाहेब मामांच्या मालकीचे सहा ट्रक होते आणि घरातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडं ओळखीचा माणूस असे.

"कुणाची काडी?" बापूसाहेबांनी सुरुवात केली.

"माझी."

"तसं न्हवं. कुणामुळं?"

"माझ्यामुळं. मी बसवून घेतली."

"आण्णा, ऐकताय न्हवं? सायझिंगमध्ये नोकरीला लावू नका, म्हणून मी ओरडत होतो."

सायझिंगच्या कारखान्यात पद्मजा सुपरवायझर होती. तिच्या हाताखाली नऊ पुरुष होते, आणि त्यांची एकच तक्रार होती, ती म्हणजे पद्मजा त्यांना चहाच्या सुट्टीतून वेळेवर उठवते. पण हे सांगून आता उपयोग नव्हता.

"हे बघ," बापूसाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "झालं ते झालं. आम्ही घरचीच माणसं हाय. पण मिरजेच्या लोकांना हे कळता कामा नये. नवऱ्या मुलाला तर अजिबात न्हाई. सरळ पोरगं हाय ते, बिचारं. त्याला धक्का बसंल."

पद्मजानं ओठ घट्ट मिटले. हसू आलं असतं तर सगळंच अवघड झालं असतं.

"आपला रावजी हाय ना, त्याला बोलावतो. गुरांच्या दवाखान्यात होता, हात लई हलका. एवढासा चिरा, काडी भाईर. वर लावायला हळद हायेच."

"काडी निघणार नाही, मामा."

"अगं, लग्न मोडंल!"

"मोडलं तर मोडेल. काडी निघणार नाही."

आण्णा आतापर्यंत पोत्याच्या कडेचा एक धागा बोटाला गुंडाळत होते. ते सायझिंगचे जुने मास्तर. आयुष्यभर त्यांनी सुताला खळ दिली होती, म्हणजे मागावर चढण्याआधी सुतावर पिठुळ पाण्याचा पातळ थर चढवला होता. ते कमी बोलत, पण पद्मजाला भीती त्यांच्याच प्रश्नाची होती.

"कशासाठी, एवढं तरी सांगशील?"

"नाही, आण्णा."

"मला पण नाही?"

"तुम्हाला खोटं सांगणार नाही आणि खरं सांगायचा हक्क माझा एकटीचा नाही." "रागवायचं तर रागवा. पण हे असंच राहणार."

आण्णा रागावले नाहीत. त्यांनी बोटाचा धागा सोडवला आणि बाहेर गेले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते, तर पद्मजाला सोपं गेलं असतं.

नवऱ्या मुलानं, विद्याधर उपाध्येनं, तिला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. तो मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात तारा जुळवायचं काम करतो. बोलायला बसला की आधी बराच वेळ काहीच बोलत नाही, पण त्या दिवशी आल्या आल्या बोलला.

"मला जन्मापासून एचआयव्ही आहे. आईकडून आला. तिला बाबांकडून. बाबा गेले ते काविळीनं, असं आमच्या घरात म्हणतात. काका-काकूंना एवढंच माहीत आहे. मी औषधावर आहे, माझ्या रक्तात विषाणू तपासणीत सापडतही नाही. तुला उठून जायचं असेल तर चहाचे पैसे मी देतो."

"चहा अजून आलाच नाही," पद्मजा म्हणाली. "आल्यावर ठरवते."

चहा आला, संपला. ती उठली नाही. तिनं एकच विचारलं, "हे घरी कधी सांगायचं?"

"मला आजही चालेल. पण माझं सांगितलं की आईचं आपोआप सांगून होतं. लागण जन्मापासूनची आहे म्हटल्यावर लोक पुढचा प्रश्न तिलाच विचारणार. मागं एका स्थळाला मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आईच्या शिवणाच्या बायका यायच्या बंद झाल्या. तिनं घर बदललं. आता ती तयार होईपर्यंत मी कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिलाय. तुला सांगायची परवानगी तेवढी मागून घेतली."

"मग माझ्या तोंडून पण जाणार नाही," पद्मजा म्हणाली. साखरपुडा खरं तर तेव्हाच झाला होता. पुढं पेढे वाटले ते लोकांसाठी.

मिरजेच्या डॉक्टर शहनाज मुल्लांकडं दोघं बरोबर गेली. डॉक्टरांनी सरळच सांगितलं. "यांच्या रक्तात विषाणू दबलेला आहे तोवर यांच्यापासून तुम्हाला लागण होत नाही. काडी घेतलीच पाहिजे असं काही नाही. घेतली तर जादा आधार. निर्णय तुमचा."

"ती नक्की करते काय?"

डॉक्टरांनी कवचाची गोष्ट सांगितली. पद्मजानं नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे खळ. सूत तुटलं की गाठ मारता येते, पण ती गाठ कापडात दिसतेच. खळ आधी द्यावी लागते."

"मी पुढच्या पेशंटला हेच सांगेन," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त एक. मध्येच कुणाकडून उपटून घेऊ नका. औषध रक्तातून एकदम जात नाही, हळूहळू पातळ होत जातं. त्या पातळ औषधात विषाणू येऊन पडला तर तो मरतही नाही आणि वर औषधाची सवय करून घेतो. मग तेच औषध पुढं चालत नाही."

बाहेर आल्यावर विद्याधर म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे. म्हणूनच तुझ्यावर सगळं टाकायचं नाही. तू आजवर स्वतःचं, आईचं सांभाळलंस. त्यात माझी राखण पण तुझ्याकडंच दिली, तर तुझं एखादं इंजेक्शन दोन दिवस लांबलं की तू झोपणार नाहीस. माझं मी बघते. तू बाजूला बस फक्त."

काडी बसवताना तो बाजूला बसला. तिच्यापेक्षा जास्त घाम त्यालाच आला.

इकडं बापूसाहेब रावजीला फोन लावायला अंगणात गेले, तशी आत्तीनं दार लोटलं. पद्मजा पोत्यावर बसली होती. तेल कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"आत्ती, एक विचारू?"

"तूच विचार आता. मला विचारायचं उरलंय कुठं?"

"माझ्या दंडात चरबीची गाठ असू शकली असती. जुना मार असता. पहिल्या फटक्यात काडी म्हणून कसं ओळखलंस?"

"गावभर पोरींचे दंड दाबलेत मी. हाताला सवय हाय."

"दाबलेस. पण मधे दाबून थांबली नाहीस. मागं येऊन टोक शोधलंस. डॉक्टर बसवल्यावर टोकावर बोट ठेवून दाखवतात, जागेवर आहे का ते असं बघायचं म्हणून. ते ज्याला बसवलीय त्यालाच माहीत असतं."

आत्ती समोरच्या पोत्यावर बसली. मग नऊवारीच्या निऱ्यांवरून मांडीवर हात ठेवला.

"इथं हाय. दंडात बसवली असती तर तुझ्या मामानंच पहिल्यांदा दाबून बघितलं असतं."

"कधीपासून?"

"तुझ्या मामाच्या गाड्या पार बळ्ळारीपर्यंत जातात. देखरेखीला ते सोता जातात. गाड्यांना एवढी देखरेख कशाला लागती, ते मी लगीन झाल्यावर दोन वर्षांत शिकले."

"त्यांना विचारलंस कधी?"

"विचारल्यावर खरं सांगणारा माणूस असता, तर काडी कशाला लागली असती गं?" आत्तीनं पदरानं तोंड पुसलं आणि लगेच नेहमीची झाली. "मरू दे ते. तुझं काय? मिरजेचं ते पोरगं पण मामासारखंच..."

"आत्ती."

"बरं, न्हाई विचारत." मग ती पुढं सरकली. "ऐक. मी भाईर जाऊन सांगते, माझीच चूक झाली. चरबीची गाठ हाय, डॉक्टरांना दाखवलीय. माझ्या शब्दाला कोण न्हाई म्हणत न्हाई. माझ्याच तोंडानं बोभाटा झाला, मीच मिटवते."

पद्मजाला हे खोटं क्षणभर फार आवडलं. फुकट होतं, मायेचं होतं आणि खपलंही असतं.

"आणि पुढच्या वर्षी? ही विरघळणार, नवी हिच्या शेजारी बसवायची. दर वर्षी नवी गाठ आली तर लोक मला मुंबईला दाखवायला नेतील."

"तवाचं तवा बघू."

"तवाचं आत्ताच बघायचं. आज लपवली तर उद्यापासून सासरी कुणी जवळ आलं की मी अंग चोरणार. हात वर करताना बाही ओढणार. चोरी केली नाही आणि जन्म चोरट्यासारखा काढायचा? नाही आत्ती. नाव मी कुणाचं घेणार नाही. तुझं पण नाही. पण माझं मी लपवणार नाही."

आत्ती तिच्याकडं बघत राहिली. "आईवर गेलीस," ती म्हणाली. "ती पण अशीच डोकं खायची." आणि तिच्या दंडावरचं ओघळलेलं तेल तिनं स्वतःच्या पदराला पुसलं. नवा शालू होता.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. उष्टी हळद आली.

हळद घेऊन विद्याधरच्या सुशीलाकाकू आल्या होत्या. हसतमुख, कामाला वाघ. मांडवातली शांतता त्यांना नवी माणसं म्हणून लाजण्याची वाटली. त्यांनी वाटी घेतली, कपाळाला लावली, गालाला लावली आणि "दंड दे गं" म्हणून हात पुढं केला.

बापूसाहेब पुढं झाले. "दंडाला नको! तिला, ते... दंडाला हळद सोसत न्हाई. अंगावर उठतं."

"गालाला सोसतीय की," काकू म्हणाल्या.

"काकू," पद्मजा म्हणाली, "दंडाला सोसते. पण हात लावायच्या आधी सांगते. डाव्या दंडात काडी आहे. साखरपुड्यानंतर मी माझ्या मनानं बसवून घेतली. का, ते सांगणार नाही. ज्यांना चालत असेल त्यांनी हळद लावावी."

काकूंचा हात वाटीतच राहिला. त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मांडवाच्या दारात रावजी नुकताच पिशवी घेऊन येऊन उभा राहिला होता. वेळ चुकली हे त्याला कळलं आणि तो जिलेबीच्या कढईकडं वळला.

"वहिनींना हे माहीत आहे?" काकूंनी विचारलं. वहिनी म्हणजे विद्याधरची आई. "आमच्या विद्याधरला माहीत आहे? बिनबापाचं पोर म्हणून फसवताय का आम्हाला?"

"तेच मी म्हणत होतो!" बापूसाहेब ओरडले. "आम्हालाबी आत्ताच कळलं! आमच्या घराण्यात असली थेरं कुणी केली न्हाईत. आमच्या घरच्या बायका..."

"तुम्ही खाली बसा," चंपाआत्ती म्हणाली.

"अगं पण..."

"बसा म्हणते न्हवं. आज तुम्ही बायकांच्या काड्यांवर बोलू नका. आज तर अजिबात नको."

आत्तीच्या आवाजात काय होतं ते बापूसाहेबांना समजलं नाही. पण त्यांच्या संसाराचं वय असं झालं होतं, की न समजताही ते खुर्चीवर बसले.

सुशीलाकाकूंनी पर्समधून फोन काढला. "त्यालाच विचारते. सगळ्यांसमोर." त्यांनी फोन पाटाजवळच्या स्टुलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

"हां काकू, पोचलात?" विद्याधरचा आवाज मांडवात पसरला.

"पोचले. अरे, हिच्या दंडात काडी आहे. म्हणते, मी माझ्या मनानं बसवली."

पलीकडं मिरजेतल्या मांडवाची सनई चालू होती.

"माहीत आहे मला," विद्याधर म्हणाला. "मीच बरोबर गेलो होतो."

"तू?"

"हो. बसवली तेव्हा शेजारीच बसलो होतो."

"पण कशाला रे?"

"काकू, तिथं सगळे आहेत का? मांडवात?"

"सगळे आहेत."

"पद्मजाला कुणी काही बोललं?"

काकू गप्प. या गप्प राहण्याचा अर्थ विद्याधरला लागला असावा. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"मग सगळ्यांनी ऐका. तिचं काही नाहीये. ती काडी तिनं घेतली कारण मला..."

"विद्याधर!" पद्मजा पाटावरून ओरडली. हळदीचे ओघळ तिच्या हनुवटीवर आले होते. "आईंना विचारलंस?"

सनई वाजत होती.

"विचारलंस का? हो का नाही?"

"नाही."

"मग नको. माझ्या अब्रूसाठी त्यांची द्यायची नाही. मला माझी पुरते."

मांडवात याचे अर्थ ताबडतोब निघाले. काहींना वाटलं, मुलगा आईला विचारल्याशिवाय पाणीही पीत नाही, पुढं या पोरीचं अवघड आहे. काहींना वाटलं, दोघंही शिकलेली आहेत, शिकलेल्यांचं असंच असतं. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं शेजारणीला सांगितलं की काडी हल्ली सर्दीवर पण देतात.

फक्त आण्णा मांडवाच्या खांबाजवळ उभे होते आणि स्टुलावरच्या फोनकडं बघत होते. कापडात चूक दिसली की सूत नेमकं कुठं तुटलं असेल ते मागं मागं जात शोधायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मुलगी म्हणाली होती, खरं सांगायचा हक्क माझा एकटीचा नाही. मुलगा काडी बसवताना शेजारी बसला होता. तो म्हणाला, "मला." ती म्हणाली, "आईंना." आणि त्या मुलाचे वडील तरुणपणीच काविळीनं गेले, असं स्थळ आणणाऱ्यानं सांगितलं होतं.

आण्णांचा चेहरा हळूहळू उतरला. पद्मजानं तो उतरताना पाहिला आणि तिला कळलं की आण्णांना कळलं. आता ते एका शब्दात लग्न मोडू शकत होते. कारण सांगायचीही गरज नव्हती. काकू वाटच बघत होत्या.

आण्णा पुढं आले. त्यांनी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि मांडवाबाहेर पाण्याच्या टाकीकडं चालू लागले. पद्मजा पाटावरून उठून तशीच त्यांच्या मागं गेली. बाकी कुणाला उठायचं सुचलं नाही. एक बापूसाहेब उठत होते, पण आत्तीनं त्यांच्याकडं बघितलं.

जन्म यंत्रांच्या गोंगाटात गेल्यामुळं आण्णांना हळू बोलता येत नसे. देवळातही ते ओरडूनच प्रार्थना करत. आज त्यांना हळू बोलता आलं.

"मी आण्णा बोलतोय. स्पीकर बंद केलाय. हिच्याशिवाय इथं कुणी नाही."

"आण्णा, मी तुम्हाला सगळं..."

"सांगू नका. मी विचारत नाही. तुमच्या आईंना वाटेल तेव्हा वाटेल ते त्या सांगतील. नाही सांगितलं तरी आमचं काही म्हणणं नाही." ते थांबले. टाकीच्या काठावर हात ठेवला. पुढचा प्रश्न त्यांनी तोंडात दोनदा फिरवला असावा. "तब्येत कशी आहे तुमची?"

पलीकडची सनई लांब गेली.

"चांगली आहे, आण्णा," विद्याधर म्हणाला. "खरंच चांगली आहे. दवाखान्यात नेमानं जातो."

"एकटेच जाता?"

"लहान होतो तेव्हा आई यायची. आता एकटाच."

"हं," आण्णा म्हणाले. मग पद्मजाकडं बघत फोनमध्ये बोलले, "आता एकटं जात जाऊ नका."

त्यांनी फोन बंद करून तिच्या हातात दिला. आण्णांनी तिच्या हनुवटीवरचा हळदीचा ओघळ बोटानं वर सारला, जिथं असायला हवा तिथं, आणि मांडवाकडं तोंड करून आपल्या नेहमीच्या, सहा माग ओलांडून जाणाऱ्या आवाजात हाक दिली.

"सुशीलाताई! नवऱ्या मुलाला सगळं माहीत आहे, मलाबी माहीत आहे. आता कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, जेवणं झाल्यावर. हळद वाळायला लागलीय. लावा तिला, दोन्ही दंडांना लावा."

काकू वाटी घेऊन अजून तशाच उभ्या होत्या. त्यांनी आण्णांकडं पाहिलं, पद्मजाकडं पाहिलं, आणि पदर खोचला.

"आणि ताई," आण्णा म्हणाले, "डाव्या दंडाला जरा हलक्या हातानं."